रक्तपिती : एका नावाचा इतिहास

मराठीत कुष्ठरोगाला 'महारोग' आणि 'रक्तपिती' ही नावे रूढ होती. रक्तपितीने दोष रक्तावर ठेवला, महारोगाने रोग्याला गावाबाहेर. सुश्रुताने कुष्ठाच्या वर्णनात त्वचेच्या बधिरपणाची नोंद केली होती. लोकभाषेतील नावांत ती उतरली नाही. वास्तविक हा रोग जितका त्वचेचा, तितकाच मज्जातंतूंचा. बोटे झडतात ती जंतू खातो म्हणून नव्हे, तर चुलीवरच्या भांड्याचा चटका कळत नाही, जखम दुखत नाही आणि म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. वेदना नसणे हीच इथली आपत्ती. 1898च्या कायद्याला मात्र निराधार रोग्यांना कोंडण्यापलीकडे काही सुचले नाही. संसदेने तो 2016 मध्ये रद्द केला.

नोशीर अंतिया हे हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले शल्यविशारद. पन्नाशीच्या दशकात मायदेशी परतल्यावर पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात ते वाकडी झालेली बोटे, बसकी झालेली नाके दुरुस्त करू लागले. पण हात सरळ झाला तरी त्याची संवेदना परतत नव्हती. मज्जातंतू मरतो कसा, हा प्रश्न त्यांना प्रयोगशाळेकडे घेऊन गेला. 1975 मध्ये त्यांनी मुंबईत 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' स्थापन केले. तिथे श्वान पेशींवर काम झाले.

या पेशी मज्जातंतूभोवती मायलिनचे वेढे घालतात. विजेच्या तारेवरच्या वेष्टनाची उपमा इथे नेहमी दिली जाते, पण ती अपुरी आहे. वेष्टन तारेची दुरुस्ती करीत नाही. तंतू तुटला की श्वान पेशी मायलिन टाकून देतात, जणू पुन्हा अल्पवयीन होतात आणि रांगेने उभ्या राहून नव्या अंकुराला वाट दाखवतात. तो अंकुर दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो.

कुष्ठजंतू घर करतो तो याच पेशीत. अनुरा रंबुक्कना आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवले की, त्याच्या नुसत्या स्पर्शानेही मायलिन गळते. आणि मायलिनरहित पेशीतच त्याला शिरकाव सोपा. 2013 मध्ये उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांत पुढचे दिसले : जंतू श्वान पेशीला मूळपेशीसारख्या अवस्थेत नेतो आणि तिच्यातूनच पसरतो. दुरुस्तीसाठी लाभलेली लवचीकता तो स्वतःसाठी वापरतो. बहुविध औषधोपचाराने जंतू मरतो, पण फार काळ बधिर राहिलेला हात सहसा बधिरच राहतो. म्हणून पहिला बधिर चट्टा वेळेवर ओळखणारा माणूस गावातच हवा. भोरच्या शेजारी, पुरंदर तालुक्यातल्या परिंचे येथे अंतियांच्या दुसऱ्या संस्थेने गावच्या स्त्रियांनाच आरोग्याचे शिक्षण दिले, ते याच विश्वासाने.