पाठीशी देश असलेला बचावपटू

फुटबॉलचा इतिहास गोलांच्या नोंदींतून लिहिला जातो. साहजिकच, गोल होऊ न देणाऱ्यांच्या वाट्याला त्यात फारशी जागा येत नाही. लुकास राडेबे या दक्षिण आफ्रिकी बचावपटूची आंतरराष्ट्रीय नोंद पाहा : ७० सामने, २ गोल. या कोरड्या आकड्यांमागचा माणूस शोधताना मला इंग्लंडमधल्या लीड्स शहरात त्याच्या आधी येऊन गेलेला त्याचाच एक देशबांधव सापडला. या दोघांना शेजारी ठेवल्याखेरीज राडेबेची कारकीर्द कळत नाही, असे माझे मत आहे.

तो पहिला खेळाडू म्हणजे अल्बर्ट जोहानेसन. जन्म १९४०, जोहान्सबर्गजवळच्या जर्मिस्टनचा. १९६१ साली तो विंगर म्हणून लीड्स युनायटेडमध्ये आला. वर्णभेदी राजवटीत राष्ट्रीय संघ केवळ गोऱ्यांचा असल्याने मायदेशाची जर्सी त्याला कधीच मिळणार नव्हती. त्याच वर्षी फिफाने दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेला निलंबित केले. पुढे १९७६ साली तिची हकालपट्टीही झाली. १९६५ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात उतरणारा जोहानेसन हा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी खेळाडू ठरला. पण प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्या, दुखापती आणि दारू यांत त्याचा खेळ संपला. सप्टेंबर १९९५ मध्ये तो लीड्समधल्या आपल्या घरी एकाकी मरण पावला. ते उघडकीस यायलाही काही दिवस गेले.

त्या वेळी राडेबेला याच शहरात येऊन वर्ष झाले होते.

राडेबे १९६९ सालचा, सोवेटोमधल्या डीपक्लूफ वस्तीत जन्मलेला. ऐंशीच्या दशकात सोवेटो धुमसत होते. पोरगा दंगलींत सापडू नये म्हणून आईवडिलांनी त्याला बोफुथात्स्वानात पाठवले. तिथे तो चक्क गोलरक्षक म्हणून खेळू लागला. पुढे तो कैझर चीफ्स या नामवंत क्लबात आला आणि बचावफळीत स्थिरावला. १९९१ साली सोवेटोच्या रस्त्यावर त्याच्या पाठीत गोळी शिरली. सुदैवाने मर्मस्थानांना धक्का लागला नाही. १९९२ मध्ये फिफाने दक्षिण आफ्रिकेला परत घेतले आणि राडेबेला राष्ट्रीय संघाचे दार उघडले.

१९९४ मध्ये लीड्सने फिलेमन मसिंगा या आघाडीपटूबरोबर त्यालाही घेतले. किंमत अडीच लाख पौंड. खरी अपेक्षा मसिंगाकडून होती, राडेबे जोडीला आला होता. पण पडेल ते काम करण्याची त्याची तयारी होती. एप्रिल १९९६ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध लीड्सच्या गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाले, तेव्हा राडेबे हातमोजे चढवून गोलपोस्टखाली उभा राहिला. बोफुथात्स्वानातली जुनी विद्या कामी आली. लीड्स हरले, पण एकाच गोलाने. १९९८ मध्ये तो क्लबचा कर्णधार झाला.

परदेशी खेळणाऱ्याची खरी परीक्षा मात्र दोन निष्ठांची असते. क्लब पगार देतो आणि देश हाक मारतो. ऐन हंगामात आफ्रिकेला जायचे, थकून परतायचे आणि पुन्हा संघातली जागा मिळवायची, हे राडेबेने वर्षानुवर्षे केले. १९९६ मध्ये मायभूमीवर आफ्रिकी राष्ट्रचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. १९९८ आणि २००२ च्या विश्वचषकांत तो कर्णधार होता. त्याच्या दोन गोलांपैकी एक २००२ मध्ये स्पेनविरुद्ध झाला. तो सामना दक्षिण आफ्रिकेने २-३ असा गमावला. गुण आणि गोलफरक पॅराग्वेइतकाच होता, पण केलेला एक गोल कमी पडला आणि संघ बाद झाला.

२००१ साली लीड्सला आलेल्या नेल्सन मंडेलांनी राडेबेला आपला हिरो म्हटले. २००५ मध्ये त्याच्या निरोपाच्या सामन्याला एलंड रोड मैदानावर हजारो लोक लोटले. शहरातल्या एका रॉक बँडने तर त्याच्या जुन्या क्लबचे नाव घेतले.

जोहानेसन गुणांत उणा होता का? मला तसे वाटत नाही. त्याने देश सोडला, तेव्हा देशाने त्याला आपला मानलेच नव्हते. परमुलखात शिव्या झेलताना त्याला मागे वळून पाहायला जागा नव्हती. राडेबेला ती होती, आणि ती हजारो कृष्णवर्णीयांच्या लढ्याने मिळवून दिली होती. बचावपटूच्या मागे गोलरक्षक असतो. राडेबेच्या मागे एक नवा देशही उभा होता.