सेवाग्रामचं टपाल आणि आपली अमानत

मेल भलत्याच पत्त्यावर जाणं हे आपल्याला इंटरनेटच्या काळातलं दुखणं वाटतं. वर्धा जिल्ह्याला ते फार आधीपासून ठाऊक आहे. 30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला आले आणि त्यांच्यामागोमाग टपालाचा ओघही आला. पण मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावर बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव आधीपासूनच होतं. पत्रं तिकडे जाऊ लागली. शेवटी 1940 मध्ये सेगावचं नाव बदललं. सेवाग्राम या नावात सेवेचा भाव आहे, पण ते ठेवण्याची निकड टपालामुळे निर्माण झाली.

हा पत्रव्यवहार महादेवभाई देसाई सांभाळत. ते वर्ध्याच्या मगनवाडीत राहत आणि उन्हातान्हात सेगावपर्यंत पायी ये-जा करत. आलेलं वाचणं, निवडणं, उत्तरं लिहिणं, नोंद ठेवणं ही आजच्या मेल सर्व्हर सांभाळणाऱ्याचीच कामं.

तरीही गांधीजींची बरीच पत्रं हाती लिहिलेली असत; प्रत्येकाची नक्कल आश्रमात राहणं शक्यच नव्हतं. ती वाचली कारण ज्यांना आली त्यांनी ती जपली. रैहाना तय्यबजींना गांधीजी उर्दूतही लिहीत. आश्रमातल्या बीबी अमतुस्सलाम यांनाही त्यांची पुष्कळ पत्रं गेली. अशा घराघरांतून गोळा झालेली पत्रं भारत सरकारने 1958 ते 1994 या काळात काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या 100 इंग्रजी खंडांत आली. पुढे या खंडांची सुधारित आवृत्ती सीडीवर आली, तेव्हा काही नोंदी गळाल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं आणि ती आवृत्ती सरकारला मागे घ्यावी लागली. मूळ छापील खंड हाताशी होते म्हणूनच काय गळालं ते कळलं.

मला यात आपल्या संस्थांसाठी इशारा दिसतो. कित्येक मस्जिद ट्रस्ट आणि शिक्षणसंस्थांचा पत्रव्यवहार आज सेक्रेटरीच्या खासगी जीमेलवर चालतो. ते अल्लाहला प्यारे झाले की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं तर गूगल पुसूनही टाकू शकतं. उद्या वक्फच्या जागेचा वाद उभा राहिला, तर दहा वर्षांपूर्वी कोणत्या कार्यालयाला काय कळवलं होतं, हे कुठून दाखवणार?

उपाय खर्चाचा नाही. पत्ता व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावाचा असावा. त्याची किल्ली दोघांकडे असावी. दरवर्षी सगळी मेल फाईल करून उतरवून घ्यावी. जीमेलमधून ती एमबॉक्स या साध्या स्वरूपात मिळते आणि जीमेलबाहेरही वाचता येते. तिची एक प्रत दफ्तरात, दुसरी वेगळ्या इमारतीत ठेवावी आणि अधूनमधून ती उघडते का ते पाहावं.

जमातीच्या पैशाचा हिशेब आपण अमानत मानतो. जमातीच्या नावाने झालेला पत्रव्यवहारही अमानतच आहे. पदावरून उतरताना रोकडवही आणि शिक्क्यासोबत तोही पुढच्याच्या हाती द्यायला हवा.