लोखंडातली ठिणगी

आमच्या चांदूर बाजारात काय किंवा परतवाड्या-अमरावतीत काय, चौकातला पुतळा दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : पुतळा कोणाचा? नाव कळले, जयंतीची तारीख कळली, की आपले पाहणे संपते. कोणाचाच नसलेला पुतळा मी आयुष्यात प्रथम पाहिला तो मुंबईत, हाजीअलीच्या दर्ग्याला जाताना.

बीएच्या शेवटच्या वर्षाला होतो. अब्बांबरोबर बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून मुंबईला गेलो होतो. हाजीअलीच्या चौकात लोखंडाचे एक शिल्प उभे होते. ना नाक, ना डोळे, ना हातात तलवार. मी हसून म्हणालो, ‘‘मुंबईवाल्यांनी चौकात भंगार मांडून ठेवलंय.’’ अब्बा हसले नाहीत. वखराची पास, डवरे, बंडीची धाव असली कामे करण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते रस्ता ओलांडून जवळ गेले, बराच वेळ लोखंडाचे जोड निरखत राहिले आणि आमच्या घरच्या बोलीत एवढेच म्हणाले, ‘‘बनानेवाले का हाथ सच्चा है.’’

तो बनवणारा नव्हता, बनवणारी होती, हे मला फार वर्षांनी कळले. शिल्पाचे नाव ‘स्पार्क’, म्हणजे ठिणगी. ते घडवणाऱ्या बाईंचे नाव पिलू पोचखानवाला.

पिलूबाईंचा जन्म १९२३चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. १९४५मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या वाणिज्य पदवीधर झाल्या आणि जाहिरातीच्या व्यवसायात काम करू लागल्या. म्हणजे शिक्षण जमाखर्चाचे आणि पोटाचा उद्योग जाहिरातींचा. १९५१मध्ये त्या युरोपात गेल्या. तिथे त्यांनी हेन्री मूरसारख्यांची आधुनिक शिल्पे पाहिली आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. परत आल्यावर त्यांनी शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्याकडे धडे घ्यायला सुरुवात केली. मुंबईच्या फोर्ट भागातल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सच्या इमारतीवर कष्टकऱ्यांच्या भव्य आकृती आहेत, त्या पानसऱ्यांच्याच. पेशाने औषधनिर्माते असलेले आदी दावियरवाला हेही त्यांचेच शिष्य. पिलूबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. एवढ्या वयात कोणी नवी विद्या शिकायला निघाले, की आपल्याकडे त्याला ‘हौस’ म्हणतात. आणि शिकणारी बाई असेल तर नक्कीच म्हणतात. ही हौस पुढे पस्तीस वर्षे टिकली.

यातले धाडस समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल. १८९६मध्ये गणपतराव म्हात्रे नावाच्या तरुणाने ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प घडवले. देवळाच्या वाटेने निघालेली नऊवारीतली तरुणी. महाराष्ट्रातल्या आधुनिक शिल्पकलेची कहाणी बहुतेक जण तिच्यापासून सुरू करतात. म्हणजे आपल्या शिल्पात बाई पहिल्यापासून होती. छिन्नी-हातोडा हाती घेतलेली बाई मात्र सहसा दिसत नव्हती. चित्र काढणे बायकांना शोभते, गाणे शोभते; पण दगड फोडणे आणि लोखंड जाळणे हे पुरुषी काम, असा समज होता. पिलूबाईंनी लाकूड, दगड, सिमेंट, शिसे, अ‍ॅल्युमिनियम असे जवळपास सगळे हाताळून पाहिले. सुरुवातीला मानवी आकृती, त्यातही स्त्रीदेह, हा त्यांचा विषय होता. पुढे आकृती विरघळत गेली आणि त्या जुन्या यंत्रांच्या तुकड्यांकडे, टाकाऊ लोखंडाकडे वळल्या. डोळ्यांवर काळी काच धरून, ठिणग्यांच्या पावसात बसून जोड मारू लागल्या.

या जोड मारण्यातच मोठी गोष्ट आहे. ब्राँझचा पुतळा ओतायचा तर आधी मातीचे काम, मग साचा, मग भट्टी. खर्च मोठा आणि माणसेही पुष्कळ लागतात. वेल्डिंगने शिल्पकार एकेक तुकडा स्वतः जोडत जातो. आकार भरीव राहत नाही. दोन तुकड्यांमधली मोकळी जागाही शिल्पाचा भाग होते, तिच्यातून वारा जातो, आभाळ दिसते. पॅरिसमध्ये पिकासो आणि हूलियो गोन्झालेझ यांनी १९२८च्या सुमारास या वाटेने जायला सुरुवात केली होती. स्वतंत्र भारतात ती वाट रुळवणाऱ्या पहिल्या काही जणांत पिलूबाईंची गणना होते.

‘पण यातून कळायचे काय?’ असे लोक विचारतात. मीही विचारत असे. मग आमच्याच तालुक्यातले बहिरम आठवते. पौषातल्या गारठ्यात तिथे यात्रा भरते, हंडीतल्या मटणाचा आणि रोडग्यांचा वास दूरवर पसरतो. तिथल्या देवावर लोणी आणि शेंदूर चढवतात. गावोगावच्या शिवेवर शेंदूर फासलेला साधा दगड असतो. त्याला नाक-डोळे नसतात, पण त्याच्यासमोर उभ्या असलेल्या म्हातारीला तो कोण हे विचारावे लागत नाही. आमच्या मशिदींच्या भिंतींवर वेलबुट्टी असते, तिच्यातही चेहरा नसतो. मन तरी तिथे थांबतेच. चेहऱ्यावाचून आकार बोलतो, हे आपल्या गावांना ठाऊकच होते. आपण फक्त शिकलो आणि ते विसरलो.

पिलूबाई एकट्या नव्हत्या. त्याच १९२३ साली जन्मलेल्या कोलकात्याच्या मीरा मुखर्जी बस्तरच्या घडवा कारागिरांकडे बसून धातू ओतायला शिकल्या. तिकडे दक्षिण अमेरिकेत, कोलंबियाच्या बोगोता शहरात, फेलिसा बुर्श्तिन ही १९३३ साली जन्मलेली शिल्पकर्ती भंगाराचीच शिल्पे करत होती. तिचीही आधी चेष्टा झाली. १९८१मध्ये लष्कराने तिला पकडले, देश सोडावा लागला आणि जानेवारी १९८२मध्ये पॅरिसमध्ये ती वारली. शेवटच्या क्षणी गाब्रिएल गार्सिया मार्केझ तिच्यासोबत होते. पिलूबाईंना असे काही सोसावे लागले नाही. पण टाकून दिलेल्या वस्तूत जीव शोधण्याची ओढ दोघींची एकच.

पिलूबाई नुसत्या आपल्या कामात बुडून राहिल्या नाहीत. साठच्या दशकात मुंबईच्या कला महोत्सवाची जुळवाजुळव त्यांनी केली. काळा घोडा परिसरातल्या सर कावसजी जहांगीर सभागृहाचे उदाहरण तर मोठे बोलके आहे. गेटवे ऑफ इंडिया बांधणाऱ्या जॉर्ज विटेटचीच ही वास्तू. एके काळी तिथे मैफली होत. पुढे मुष्टियुद्धाचे सामने, कामगारांच्या सभा, लग्ने, सेल असे काहीही होऊ लागले. ही जागा कलेसाठी मिळावी म्हणून पिलूबाई आणि केमोल्ड गॅलरीचे केकू गांधी यांनी आवाज उठवला. १९९६मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. पिलूबाई त्याच्या दहा वर्षे आधी, १९८६मध्ये, गेल्या होत्या.

‘स्पार्क’ही हाजीअलीच्या चौकातून पुढे हलवले गेले. ज्याच्या खाली नाव नाही, ज्याची जयंती नाही, ते हलवल्यावर मोर्चा निघत नाही. नेत्याच्या पुतळ्याला कोणाचा तरी पहारा असतो. अशा शिल्पाला फक्त पाहणाऱ्याची नजर राखते. आणि त्या दिवशी ती नजर माझ्याकडे, शिकलेल्या पोराकडे, नव्हती. ती अब्बांकडे होती.

अब्बा आता नाहीत. त्यांना पिलूबाईंचे नाव सांगायचे राहून गेले. पण आजही बाजारात वेल्डिंगच्या दुकानासमोरून जाताना निळा उजेड लखलखला, की मी क्षणभर थांबतो आणि त्यांचेच वाक्य मनात दुरुस्त करून म्हणतो, ‘‘बनानेवाली का, अब्बा. बनानेवाली का हाथ सच्चा था.’’