मूल घडवतं कोण? शंभर वर्षांचा एक वाद



मूल हट्टी निघालं की लोक म्हणतात, आईनं लाडावून ठेवलं. बुजरं निघालं की म्हणतात, आईनं धाकात ठेवलं. उशिरा बोलायला लागलं तर, आई दिवसभर शेतात, मग दुसरं काय होणार! गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब आटोपला की हे बोलणं हमखास निघतं. जिच्याबद्दल निघतं ती मान खाली घालून बसते.

म्हणून आज बघू या, मुलाचं मन कसं घडतं याचा ज्यांनी जन्मभर अभ्यास केला ते काय म्हणाले. त्यांच्यात एकमत नव्हतं. आईला दोष देणारे त्यांच्यातही होते.

सुरुवात करू अमेरिकेतल्या जॉन वॉटसन यांच्यापासून. त्यांचं म्हणणं, मूल म्हणजे कुंभाराच्या चाकावरचा गोळा, वळवाल तसं वळेल. जन्मजात गुणांपेक्षा लावलेली सवय मोठी. १९२८ साली त्यांनी आईबापांसाठी पुस्तक लिहिलं. मुलांना मांडीवर घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी फार तर हात मिळवा, असा त्यातला सल्ला! आईची माया मुलाला दुबळं करते, असं त्यांचं मत होतं. हजारो घरांत ते पुस्तक वाचलं गेलं. रडणारं लेकरू जवळ घ्यावं की नाही, हा प्रश्न शिकलेल्या आयांना पडू लागला.

मग दुसरं महायुद्ध झालं. युरोपात असंख्य मुलं अनाथ झाली, आश्रमांत वाढू लागली. त्यांना अन्न होतं, कपडे होते, तरी ती कोमेजत होती. इंग्लंडचे डॉक्टर जॉन बोल्बी यांनी या मुलांविषयीची माहिती गोळा केली आणि १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. बाळाला दुधाइतकीच एका कायमच्या, मायेच्या माणसाची गरज असते, असं त्यांनी मांडलं. वॉटसनच्या अगदी उलट. या विचारामुळे मोठा फायदा झाला. तिकडच्या दवाखान्यांत तेव्हा आजारी मुलाला आईपासून तोडून ठेवत, ती पद्धत हळूहळू बदलली.

पण त्याच अहवालाचा आधार घेऊन लोक म्हणू लागले, बाईनं घर सोडून कामाला जाऊच नये. म्हणजे आधी माया केली म्हणून आई चुकली, आता कामाला गेली म्हणून आई चुकली. वास्तविक बोल्बी यांनीच लिहिलं होतं की समाजाला मुलं हवी असतील तर त्यानं आईबापांनाही जपलं पाहिजे. ते वाक्य फारसं कुणी उचललं नाही.

याहून वाईटही घडलं. काही मुलं नजर देत नाहीत, हाकेला ओ देत नाहीत, आपल्याच नादात असतात. त्याला स्वमग्नता म्हणतात. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतले काही नावाजलेले तज्ज्ञ सांगत होते की आई थंड स्वभावाची असल्यामुळे मूल असं होतं. अनेक आया हा डाग घेऊन जगल्या. बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून दाखवून दिलं की याचं मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे. आज तेच मानलं जातं. तेव्हा असं मूल दिसलं तर आईला बोलू नका. तिला अंगणवाडीत, आरोग्य केंद्रात सोबत करा.

बोल्बींबरोबर काम केलेल्या मेरी एन्सवर्थ या बाईंनी वेगळी वाट धरली. १९५४ मध्ये त्या आफ्रिकेतल्या युगांडात गेल्या आणि खेड्यांतल्या २६ कुटुंबांच्या घरी जाऊन बसल्या. तिथल्या आया शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच. बाळांचा जीव आईवर होताच, शिवाय बाप, आजी, भावंडं यांच्यावरही होता. मूल का रडतंय हे ओळखून कोण धावतं, याला महत्त्व आहे, असं त्यांना दिसलं. आई चोवीस तास घरात आहे की नाही, एवढ्यावर सगळं अवलंबून नव्हतं.

हे झालं मायेचं. बुद्धीचं काय? इथे दोन माणसं, दोघंही १८९६ सालीच जन्मलेली. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे आपल्या तीन मुलांचा खेळ बघून टिपणं ठेवत. रुंद पेल्यातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता. चार वर्षांचं मूल म्हणेल, पाणी वाढलं! सात-आठ वर्षांचं म्हणेल, तेवढंच आहे. पियाजे म्हणाले, मूल मूर्ख नसतं, त्याची विचार करण्याची पायरी वेगळी असते. ते स्वतः हाताळून, चुकून पुढची पायरी चढतं.

रशियाचे लेव्ह व्हिगॉट्स्की म्हणाले, एकट्यानं नव्हे, मूल माणसांत शिकतं. पोरीला एकटीला भाकरी थापता येत नाही, पण आजीनं हातावर हात ठेवला की येते. आज आधारानं जमलं ते उद्या आपलं आपण जमतं. व्हिगॉट्स्की ३७ व्या वर्षी क्षयानं गेले. त्यांचं लिखाण त्यांच्याच देशात वीसेक वर्षं दाबून ठेवलं होतं.

आपल्याकडेही मुलांना हाताळून शिकू देणारं काम तेव्हा चालू होतं. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. परदेशी महागडी खेळणी परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं घेतली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मूल येत नाही म्हणून त्याच्या आईला दोष देत त्या बसल्या नाहीत. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ मध्ये सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीचं हे काम.

आणखी एक नाव सांगते, एरिक एरिक्सन. १९५० साली त्यांनी मांडलं की माणसाची वाढ बालपणात संपत नाही, म्हातारपणापर्यंत तिचे आठ टप्पे असतात. पन्नाशीला सही शिकून बँकेत जाणारी आपली मैत्रीणही वाढतेच आहे!

मग खरं कोण? प्रत्येकाला एकेक बाजू दिसली. पण या वादाला उजेड देणारा एक अभ्यास आहे. हवाईतल्या एका बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षं लक्ष ठेवलं. गरिबी, घरातली भांडणं, आजार अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुलं चांगली, कर्ती निघाली. त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली, जीव लावणारं निदान एक माणूस. ते आईच असेल असं नाही. आजी होती, मावशी होती, शेजारीण होती, शिक्षिका होती.

मैत्रिणींनो, यातली आजी, मावशी, शेजारीण म्हणजे आपणच की. पुढच्या बैठकीत कुणाच्या मुलाचा विषय निघाला तर आईनं काय केलं हे विचारण्याआधी एवढं विचारू या, ती कामावर जाते तेव्हा त्या लेकराशी बोलायला, खेळायला कोण आहे? कुणी नसेल तर आळीपाळीनं आपल्यापैकी कोण जाईल? बापाला यात कसं घ्यायचं? ठरेल ते वहीत लिहा, हप्त्यासारखंच.