मॅल्कम, सर जॉन
(२ मे १७६९–३० मे १८३३). ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश सेनाधिकारी, मुत्सद्दी, इतिहासकार व मुंबई इलाख्याचा गव्हर्नर (१८२७–३०). जन्म स्कॉटलंडमधील बर्नफुट येथे एका शेतकरी कुटुंबात. १७८३ मध्ये, चौदा वर्षांचा असताना, तो मद्रासच्या सैन्यात दाखल झाला. फार्सीच्या ज्ञानामुळे त्याच्याकडे राजकीय कामे आली. इराणच्या दरबारी तो तीनदा वकील म्हणून गेला. महीदपूरच्या लढाईनंतर (२१ डिसेंबर १८१७) होळकरांशी मंदसोरचा तह त्यानेच केला.

पेण व रोहे ज्या मुलखात मोडतात, तेथील पेशव्यांचा अंमल १८१८ च्या कोकण मोहिमेत कर्नल प्रॉथरने संपुष्टात आणला. १० मे रोजी रायगड पडला आणि गडावर असलेली बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई इंग्रजांच्या हाती आली. खुद्द दुसरा बाजीराव मात्र अद्याप मोकळा होता. ३ जून १८१८ रोजी अशीरगडच्या परिसरात तो मॅल्कमला शरण आला. मॅल्कमने स्वतःच्या जबाबदारीवर त्यास सालीना आठ लाख रुपयांचा तनखा कबूल केला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम अवास्तव वाटली. तथापि पावसाळा तोंडावर आला होता. युद्ध लांबते तर खर्च याहून वाढला असता, हे मॅल्कमचे म्हणणे वाजवीच होते. बाजीराव इतका दीर्घायुषी ठरेल, अशी अपेक्षा मात्र कोणाचीच नसावी. तो १८५१ पर्यंत जगला व तनख्याची एकूण रक्कम अडीच कोटींवर गेली. पुढे डलहौसीने दत्तकपुत्र नानासाहेबास तनखा नाकारला. त्याची परिणती १८५७ च्या उठावात दिसून आली.

गव्हर्नर या नात्याने मॅल्कमने काटकसरीचे धोरण ठेवले. जुन्या सरदार-इनामदारांना दुखवू नये, हा त्याचा आग्रह कायम होता. सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून त्याने खंडाळा गावाच्या मोबदल्यात महाबळेश्वरची जागा मिळविली (१८२९). तेथील पेठेस त्याचे नाव मिळाले. १८३० मध्ये सांकशी, राजपुरी व रायगड हे तालुके दक्षिण कोकणातून काढून उत्तर कोकणास जोडण्यात आले. पेण सांकशीत व रोहे राजपुरीत असल्याने तेथील रयतेची कचेरी रत्नागिरीऐवजी ठाणे झाली. १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटाचा गाडीरस्ता त्याने खुला केला. पूर्वी पेणच्या खाडीकाठचे मीठ देशावर जाई ते बैलांच्या पाठीवरून. आता घाटात गाड्या चालू लागल्या.

डिसेंबर १८३० मध्ये तो निवृत्त झाला व नंतर काही काळ ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद होता. हिस्टरी ऑफ पर्शिया (१८१५) व ए मेम्वार ऑफ सेंट्रल इंडिया (१८२३) हे त्याचे प्रमुख ग्रंथ. त्यांपैकी दुसरा माळव्यातील मराठी सत्तेच्या अभ्यासकांना आजही उपयुक्त आहे. लंडन येथे तो मरण पावला.