वाकवणारा ताप

मैत्रिणींनो, चिकुनगुन्या म्हणजे 'वाकवणारा'. हा शब्द आफ्रिकेतला. टांझानियात १९५२ साली हा ताप पहिल्यांदा ओळखला गेला. १९६३ साली तो कोलकात्यात आला, १९७३ साली आपल्या बार्शीत. मग तीस वर्षं फारसा दिसला नाही. आपण विसरलो. २००६ साली देशात तेरा लाखांवर संशयित रुग्ण नोंदले गेले.

ताप गेला होता, डास घरातच होता. तो दिवसा चावतो, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. वाशिमला उन्हाळ्यात पाणी साठवावंच लागतं. म्हणून दर आठवड्याला पाणी गाळून काढू, रांजण घासून कोरडा करू, झाकू. गल्लीत एकदम दोन-तीन घरी ताप आला, तर आशाताईंना त्याच दिवशी सांगू. रक्ताची तपासणी प्रयोगशाळेत होते. पहिली खबर मात्र आपल्याच उंबऱ्यातून निघते.