दोर कुणाच्या हाती, गळा कुणाचा?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मगाव म्हणून ते ओळखले जाते. नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. त्यातले रामकली रागातले एक पद पतंगाबद्दल आहे, हे मात्र थोड्यांना माहीत असते. एक मूल कागद आणते, कापून त्याची 'गुडी' करते आणि आकाशात सोडते. सोबत्यांशी त्याच्या गप्पा चालू असतात, पण चित्त दोरीवर असते. पुढच्या ओळींत डोक्यावर घागर घेऊन हसत-बोलत चाललेल्या मुली येतात, दूर रानात चरणारी पण मन वासराशी ठेवणारी गाय येते, बाळाला पाळण्यात निजवून घरातली-बाहेरची कामे करणारी आई येते. नामदेव हे सारे त्रिलोचनांना सांगत आहेत.

भारतीय साहित्यातल्या पतंगाच्या सर्वांत जुन्या उल्लेखांत हे पद मोजले जाते. पंजाबात आजही पतंगाला 'गुड्डी' म्हणतात. मला त्यातली दोरी महत्त्वाची वाटते. नामदेवांनी पतंग किती उंच गेला, कोणत्या रंगाचा होता, हे सांगितले नाही. दोर हातात असताना लक्ष कुठे असावे, एवढेच सांगितले. पतंगाचे इतिहास बहुतेक कागदाचे आणि उंचीचे असतात. हा लेख दोराचा आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्दांपासून सुरुवात केल्याशिवाय राहवत नाही. मराठीत पतंग उडतो, उर्दूत उडती है. दरवर्षी जानेवारीत माझ्या वर्गात या एका शब्दावर लिंगाची गल्लत होते आणि दोन्ही बाजू बरोबर असतात. जुन्या फारसीत पतंगाला 'कागज़-बाद' म्हणत, म्हणजे वाऱ्याचा कागद. जुन्या मराठीत शब्द होता 'वावडी'. आज तो पतंगासाठी फारसा उरला नाही, पण 'वावड्या उठल्या' असे आपण अजूनही म्हणतो. अफवेला हा शब्द का चिकटला असावा, ते विचार केल्यावर पटते. वर काय उडते आहे ते साऱ्या गावाला दिसते. दोर कुणाच्या हातात आहे, ते दिसत नाही.

माझ्या लहानपणी भाऊ पतंग उडवायचे आणि आम्हा बहिणींकडे फिरकी असायची. येवल्यात, जिथली संक्रांत पतंगांसाठी नावाजलेली आहे, तिथे फिरकीला 'आसारी' म्हणतात. फिरकी धरणाऱ्याला पतंग कमी दिसतो आणि दोर जास्त. कुठे गाठ आली, कुठे तो विरला, कुठे ओल लागली, हे बोटांना आधी कळते. दोराची निगा हा शब्द तेव्हा आम्हाला माहीत नव्हता, पण काम तेच होते. गुंता झाला तर ओढायचे नाही, सैल करून सोडवायचे. विरलेला तुकडा कापून टाकायचा आणि गाठ लहान, घट्ट मारायची. फिरकी जमिनीवर ओलीत ठेवायची नाही.

पतंगाचे सगळे वागणे आधी एका लहानशा दोऱ्यावर ठरते. कामटीच्या वरच्या आणि खालच्या भागाला बांधून मधे गाठ मारलेला हा दोरा, उर्दूत 'कन्ने', मराठीत कुठे कुठे 'मंगळसूत्र'. वरचा आणि खालचा दोरा यांत बोटभर फरक केला की पतंगाचे नाक पुढे झुकते किंवा मागे पडते. तो ओढ घेतो, नाहीतर नुसता तरंगतो. पतंग एका अंगाला कलायला लागला तर उर्दूत 'कन्नी खाना' म्हणतात आणि दुसऱ्या बाजूला चिंधीचा तुकडा लावून त्याला सरळ करतात. शाळेत पायरी न चढलेली मुलेही हे गणित अचूक करतात.

दोराचा दुसरा भाग मांज्याचा. पेच लढवायचा तर पतंगाजवळच्या लांबीला मांजा आणि हाताकडच्या बाजूला साधा दोरा, म्हणजे 'सद्दी'. मांजा कसा होतो? सुती दोरा दोन खांबांत ताणून लावायचा. शिजवलेल्या भाताची खळ, सरस, रंग आणि वस्त्रगाळ काचेची पूड यांचा लगदा हातात घेऊन तो दोऱ्यावरून फिरवायचा, पुन्हा पुन्हा, सुकेपर्यंत. उत्तर प्रदेशातले बरेली या कामासाठी देशभर प्रसिद्ध आहे आणि तिथले कारागीर बहुतांश मुस्लिम आहेत. संक्रांतीच्या आकाशात हिंदू-मुस्लिम पोरांचे पेच लागतात, पण त्या दोराला धार आणताना आधी कापले जातात ते या कारागिरांचे हात. बोटांना चिंध्या गुंडाळून ते दिवसभर दोऱ्याच्या बाजूने पुढे-मागे चालतात. सणाच्या गोडव्याबद्दल लिहिताना ही बोटे सहसा विसरली जातात.

धार असूनही या मांज्याची एक मर्यादा होती. तो सुती होता. जोराचा झटका बसला की तुटायचा. झाडावर अडकला तर उन्हा-पावसात कुजून जायचा. त्याने बोटे कापली, पक्ष्यांनाही इजा केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तुटणे हा त्याचा स्वभाव होता.

आता थोडे दूर जाऊ. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. क्रिकेटवाल्यांना त्यांची ओळख वेगळी सांगता येईल: डब्ल्यू. जी. ग्रेस यांचे ते आजोबा, आईचे वडील. पोकॉक यांनी १८२६ मध्ये पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. घोडा नाही, बैल नाही, वर दोन मोठे पतंग आणि खाली माणसे बसलेली गाडी. एवढा जोर एका दोराने आवरणे शक्य नव्हते, म्हणून पोकॉक यांनी चार दोर वापरले. त्यांनी पतंग वळवायचा आणि त्याची ओढ कमी-जास्त करायची. आपल्या पेचात ढील आणि खेच या दोनच आज्ञा असतात. पोकॉक यांनी आणखी दोन आज्ञांची सोय केली: डावीकडे वळ, उजवीकडे वळ.

पुढे १९७२ मध्ये इंग्लंडातच पीटर पॉवेल यांनी दोन दोरांनी वळणारा पतंग घडवला. १९८४ मध्ये फ्रान्समधल्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी हवा भरून फुगवता येणाऱ्या पतंगाचे पेटंट घेतले. पाण्यात पडला तरी तो बुडत नाही आणि तिथूनच पुन्हा उडवता येतो. १९९७ पासून त्यांचा पतंग बाजारात आला आणि काइटसर्फिंग हा खेळ फोफावला: पायाखाली फळी, डोक्यावर पतंग. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर तो दिसतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेच्या समुद्रात त्याची शर्यत प्रथमच झाली.

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. सिद्धेश्वर आणि इसापूरच्या धरणांचे पाणी हाच आमचा समुद्र. पण मोबाइल सगळीकडे पोहोचतो. ती शर्यत पाहून वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "मॅडम, त्याला मांजा कोणता लावतात?"

त्या प्रश्नानेच मला या विषयात ओढले. उत्तर असे की, त्याला मांजा लावत नाहीत. त्या पतंगाला चार दोर असतात, प्रत्येक साधारण वीस ते पंचवीस मीटर लांब. दिसायला बारीक, पण एकेक दोर दोनशे किलोंहून अधिक ताण सोसतो. हा धागा एका विशेष प्रकारच्या पॉलिथिनचा असतो. डायनिमा या नावाने तो ओळखला जातो. त्याच्यावर काच नसते. तो इतका गुळगुळीत असतो की दोरांना दोन-तीन पीळ पडले तरी ते एकमेकांवरून सरकत राहतात आणि पतंग आवरता येतो. घर्षणाची उष्णता मात्र त्याला सोसत नाही. म्हणून दुसऱ्याच्या दोरात दोर अडकणे हा तिथे मोठा अपघात मानतात. आपण ज्याला पेच म्हणून टाळ्या वाजवतो, तो होऊ नये यासाठी तिथे नियम आहेत: दोघे जवळून जाताना वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्याने पतंग उंच ठेवायचा, खालच्या अंगाच्याने खाली.

त्या दोरांची निगा ऐकली तेव्हा मला आमची फिरकी आठवली. पुढचे दोन दोर माणसाच्या कमरेच्या पट्ट्याला जोडलेले असतात, मागचे दोन हातातल्या दांड्याच्या टोकांना. जास्त भार पुढच्या दोरांवर येतो, त्यामुळे वापराने ते थोडे लांबतात. मग मागचे दोर त्यांच्या मानाने आखूड पडतात, पतंग मागे खेचला जातो आणि हवेत अडखळून मागे कोसळतो. उपाय साधा आहे. चारही टोके एका खुंटीला अडकवायची, दुसरीकडून सारखा ताण देऊन लांबी जुळवून पाहायची. जोडाच्या दोरीवर ओळीने गाठी असतात. फरक दिसला तर एक गाठ पुढे किंवा मागे घ्यायची. म्हणजे आपल्या कन्न्यांचाच बोटभर हिशेब. खेळून झाल्यावर दोर गोड्या पाण्याने धुवायचे, कारण मीठ आणि वाळू धाग्यात शिरून त्याला आतून घासतात. उन्हात पसरून ठेवायचे नाहीत. मधेच गाठ पडली तर ती राहू द्यायची नाही, कारण गाठीपाशी दोराची ताकद बरीच घटते. कुठे लव निघाली, धागा तुटला असेल तर तो दोर बदलायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे: पट्ट्यापाशी अशी कळ असते की संकटात ती ढकलली की पतंगाचा जोर क्षणात निघून जातो. सोडून देण्याची सोय आधीच बांधलेली असते.

एवढी काळजी ते का घेतात? ती माणसे आपल्यापेक्षा शहाणी आहेत, असे मला वाटत नाही. दोर तुटला तर बुडणार ते स्वतः, एवढे साधे कारण आहे.

इथे आपल्या संक्रांतीकडे परत यावे लागते. नायलॉन हा धागा अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या चमूने १९३५ मध्ये तयार केला. मासे धरण्याच्या जाळ्यांना त्याने बळ दिले, ते चांगलेच झाले. पण तोच धागा आपल्याकडे पतंगाला लागला. नाव 'चायनीज मांजा', पण तो भारतातही तयार होतो. तो स्वस्त असतो, कुजत नाही आणि मुख्य म्हणजे सहजी तुटत नाही. सुती मांज्याची होती नव्हती ती मर्यादा त्याने काढून टाकली. पतंग कटला की हा दोर रस्त्यावर आडवा पडतो, विजेच्या तारांवर, झाडांवर लोंबत राहतो. मोटारसायकलवरून येणाऱ्याला तो दिसत नाही आणि गळ्याला लागल्यावर दोर तुटण्याऐवजी गळा चिरतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या मानेवर त्याचा व्रण आहे. तो वाचला, कारण गाडी हळू होती. तेव्हा त्याच्या गाडीच्या टाकीवर त्याची लहान मुलगी बसलेली होती.

कायद्याची गोष्टही पाहण्याजोगी आहे. १९३४ च्या विमान कायद्याने विमानाची व्याख्या करताना त्यात पतंगही घेतला होता. म्हणजे कागद सरकारला नव्वद वर्षांपूर्वीच दिसला. नायलॉन आणि तत्सम कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घालणारा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा आदेश आला ११ जुलै २०१७ रोजी. दोर दिसायला इतकी वर्षे लागली. बंदीनंतरही दर जानेवारीत त्याच बातम्या येतात, कारण विकणाऱ्याचा आणि उडवणाऱ्याचा गळा त्या रस्त्यावर नसतो.

दोराच्या इतिहासातून मला एवढेच कळले आहे. ज्याचा जीव दोराला टांगलेला असतो, तो दोर तपासतो, धुतो, मोजतो, सोडण्याची कळ ठेवतो. ज्याच्या दोराला दुसऱ्याचा जीव टांगलेला असतो, त्याला हे सुचत नाही. ते त्याला शिकवावे लागते, आणि शिकवणे हे आम्हा मास्तरांचे काम आहे. पोकॉक मास्तरांनी वळवायला जास्तीचे दोर लावले. आम्ही निदान एक दोर नीट धरायला शिकवू शकतो.

म्हणून संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात मी भाषेच्या तासाला पतंग आणते. आधी नामदेवांचे पद, मग कन्न्यांची मोजणी, उर्दूत आणि मराठीत. दोर साधा, सुती, काचेविना. पेच नसतो, म्हणून पहिल्या दिवशी पोरे नाक मुरडतात. मग मी पैज लावते: कुणाचा पतंग एका जागी सर्वांत जास्त वेळ स्थिर राहतो? बघता बघता मैदान शांत होते. गप्पा चालू राहतात, पण नजरा दोरावर असतात. कर संपल्यावर दुसऱ्या दिवशी मुले पिशव्या घेऊन शाळेभोवतीचा रस्ता, कुंपण आणि हात पोहोचतो तिथवरची झाडे धुंडाळतात आणि सापडलेला दोर गोळा करतात. गेल्या वर्षी दोन पिशव्या भरल्या. त्यातला सुती दोर थोडा होता, बाकी सगळा नायलॉनचा. कुणाच्या हातचा होता, ते एकाही तुकड्यावरून कळले नाही.